दमले कोण : पाय की चाक?

सायकल जड लागू लागली की वडीलधारी माणसे वयाला दोष देऊन मोकळी होतात. शरीराची तपासणी आवश्यक आहेच. परंतु त्याच दिवशी मागच्या चाकाचीही पाच मिनिटे तपासणी करावी. चाक तिरके बसून सांगाड्याला घासत असेल, तर तो दोष घरच्या घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात सहज दूर होतो.

गेल्या कार्तिकाच्या अखेरीची गोष्ट. एका सकाळी अण्णांनी सायकलची किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आता पुरे झाले. कोणाला हवी असेल तर देऊन टाक ही सायकल. पाय ऐकत नाहीत."

अण्णांचे वय ७६. सांगलीच्या विश्रामबागेतून कृष्णाकाठच्या गणपती मंदिरापर्यंत रोज सकाळी सायकलने जायचे, घाटावर समवयस्कांबरोबर घटकाभर बसायचे आणि येताना पिशवीभर भाजी आणायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा अठरा वर्षांचा नेम. वाट अगदी सपाट. तरीही महिनाभर ते उशिरा परतू लागले होते. आधी मंदिर सुटले, मग घाट सुटला, शेवटी कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत जाऊनही ते धापा टाकत येऊ लागले. घरात आम्ही सर्वांनी मनाशी एकच निष्कर्ष काढला, की वय झाले. खरे सांगायचे तर मला थोडे हायसेही वाटले. रहदारीत त्यांनी सायकल चालवू नये, असे मला कित्येक दिवस वाटत होतेच.

सायकल देऊन टाकण्यापूर्वी साफसूफ करून घ्यावी, म्हणून मी ती जवळच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती स्टँडवर चढवली, खाली वाकून पाहिले आणि बोट ठेवून मला दाखवले. पायडलच्या मागे, डाव्या बाजूच्या नळीवरचा काळा रंग दोन बोटे लांबीत पार उडाला होता. तिथले लोखंड चकचकीत झाले होते आणि खाली रबराची काळी भुकटी साचली होती.

"साहेब, हे चाक कोणी बसवले होते?" त्यांनी विचारले.

ते मीच बसवले होते. खंडेनवमीला सायकल पूजेसाठी धुतली, तेव्हा मागच्या चाकाचा जुना टायर मी घरीच बदलला होता. उजव्या बाजूचा नट माझ्याकडून नीट कसला गेला नव्हता. त्या दिवसापासून दीड महिना अण्णा ब्रेक लावल्यासारखी सायकल ओढत होते आणि दोष स्वतःच्या पायांना देत होते.

घासणारे चाक पायांकडून काय मागते

साधी सायकल हे माणसाच्या शक्तीची अतिशय काटकसर करणारे यंत्र आहे. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी १० ते १२ किलोमीटर वेगाने जाताना टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध मिळून होणारा अडथळा ढोबळमानाने एक ते दीड किलो वजन तोलून धरण्याइतका असतो. म्हणून तर सत्तरीतला माणूसही न थकता चार-पाच किलोमीटर जाऊ शकतो. परंतु अडथळा मुळातच एवढा थोडा असल्यामुळे त्यात पडलेली लहानशी भरही भारी ठरते. नळीला घासणाऱ्या टायरने अर्ध्या किलोएवढा विरोध वाढवला, तर पायांचे काम एक तृतीयांश ते निम्म्याने वाढते.

तिशीतल्या माणसाच्या हे कदाचित ध्यानातही येणार नाही, कारण त्याच्याजवळ राखीव शक्ती भरपूर असते. वयाबरोबर स्नायूंची ताकद घटते, हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती खाली येते आणि ही राखीव शक्ती आटत जाते. त्यामुळे तेवढाच जादा भार वृद्ध शरीराला दम लागण्याच्या सीमेपर्यंत नेतो. गुडघ्यांची झीज झालेली असेल तर प्रत्येक पायडलला जास्त जोर द्यावा लागल्याने दुखणे वाढते ते वेगळेच.

मग हा दोष चालवणाऱ्याला कळत का नाही? याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे तो सावकाश वाढतो. उजवा नट सैल असेल, तर पायडल दाबताना साखळी चाकाच्या आसाचे उजवे टोक रोज केसभर पुढे ओढते. चाक तिरपे होते आणि त्याची पुढची कड डाव्या नळीकडे सरकत जाते. आज आणि उद्या यांत फरक जाणवत नाही, दीड महिन्यांनी मात्र सायकल जड झालेली असते. वार्धक्यही याच गतीने येते, म्हणून दोहोंची गल्लत होते. दुसरे कारण कानांचे. उतारवयात प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि टायर घासल्याचा बारीक सर्र आवाज नेमका त्यांतलाच असतो. अण्णांना तो कधी ऐकूच आला नाही. मला आला असता, पण मी त्यांच्या सायकलवर बसलो नव्हतो.

दोष नेमका कुठे, हे ओळखावे

सायकल डबल स्टँडवर उभी करून मागचे चाक हाताने फिरवावे. जमिनीवर उकिडवे बसण्याऐवजी बुटके स्टूल घ्यावे आणि प्रकाश चांगला असू द्यावा. आता टायर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या यांमधील अंतर पाहावे. चाक रिकामे फिरताना घासेलच असे नाही. माणूस बसल्यावर आणि पायडलवर जोर आल्यावरच ते नळीला टेकते, असेही पुष्कळदा घडते. म्हणून आवाजावर विसंबून न राहता खुणा शोधाव्यात. उडालेला रंग, चकचकीत झालेली नळी, रबराची भुकटी, टायरच्या कडेवर उमटलेली गुळगुळीत पट्टी या खुणा विश्वासार्ह असतात. साखळी सैल पडून साखळीच्या कव्हरवर खडखडत असेल, तर तीही आस पुढे सरकल्याची खूण समजावी.

त्यानंतर घासण्याचा प्रकार पाहावा. टायर एकाच बाजूला सतत घासत असेल आणि सांगाड्याच्या एका नळीजवळ, दुसरीपासून दूर दिसत असेल, तर बहुधा आस खाचेत तिरका बसला आहे. प्रत्येक फेऱ्यात एकदाच, ठरावीक जागी 'खस्' असा आवाज येत असेल, तर रिमला आऊट आहे, म्हणजे ती एका जागी वाकडी झाली आहे. किंवा टायर रिममध्ये त्या जागी नीट बसलेला नाही. चाकाची वरची कड धरून आडवी हलवल्यास ते खटखट डुलत असेल, तर आतल्या छर्‍यांची बैठक सैल झाली आहे, झिजली आहे किंवा आस वाकला वा तुटला आहे. एखादा आरा तुटलेला किंवा लोंबकळणारा दिसला, तर आऊटचे कारण तेथेच सापडते.

यांपैकी पहिला दोष सर्वांत अधिक आढळतो आणि घरी दुरुस्त करण्याजोगा तेवढाच असतो.

तिरके चाक सरळ बसवण्याची रीत

आपल्याकडच्या साध्या, बिनगिअरच्या सायकलीत मागच्या चाकाचा आस दोन आडव्या खाचांमध्ये बसतो आणि दोन्ही टोकांना नट असतात. साखळी ताणता यावी म्हणूनच या खाचा लांबट ठेवलेल्या असतात. चाक तिरके बसण्याची शक्यताही त्यामुळेच निर्माण होते.

प्रथम दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जुन्या सायकलींत मडगार्डच्या तारा, कॅरिअर आणि स्टँड यांची टोकेही त्याच आसावर अडकवलेली असतात, त्यामुळे वॉशरचा क्रम पुढे आठवत नाही. मग नटाला नेमका बसणारा पाना घेऊन दोन्ही नट एकेक फेरा सैल करावेत. पूर्ण काढण्याची गरज नसते. पाना ढिला बसत असेल तर काम थांबवावे, कारण त्याने नटाच्या कडा गोल होतात आणि निसटलेला हात नळीवर आपटतो.

आता चाक मागे ओढून साखळी ताणावी. साखळीच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवल्यास सुमारे अर्धा इंच हालचाल राहिली पाहिजे. त्याहून सैल साखळी उतरते आणि फार ताणलेली साखळी पायडल जड करते, म्हणजे एक दोष घालवून दुसरा ओढवून घेतल्यासारखे होते. पायडल सावकाश फिरवून साखळी जेथे सर्वांत ताठ होते, तेथे हे माप घ्यावे.

यानंतरचा भाग महत्त्वाचा आहे. पायडलच्या मागे, जेथे दोन्ही नळ्या जवळ येतात, तेथे टायर बरोबर मधोमध आणावा. नजरेवर भरवसा नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी डाव्या आणि उजव्या बाजूला सरकवून अंतर सारखे आहे का ते पाहावे. टायर मध्यावर धरून ठेवून प्रथम साखळीच्या बाजूचा नट थोडा कसावा. नट फिरताना आसालाही किंचित ढकलतो, म्हणून मध्य पुन्हा तपासावा. मग दुसरा नट थोडा कसावा. असे आलटून पालटून दोन-तीनदा करत अखेरीस दोन्ही नट घट्ट आवळावेत. घाईने एक नट पूर्ण आवळून मगच दुसऱ्याकडे वळणे, ही चूक मी केली होती. काही सायकलींत आसाच्या मागे साखळी ताणण्याचे छोटे बोल्ट असतात. तेथे दोन्ही बोल्ट थोडे थोडे फिरवत टायर मधोमध आणावा आणि मगच नट कसावेत.

शेवटचे आवळणे तरुण हातांनी करावे. लांब दांड्याचा पाना घेतला की मनगटावर ताण कमी येतो. तरीही संधिवात असलेल्या किंवा हातांची पकड सैल झालेल्या व्यक्तीने येथे हट्ट धरू नये. नट अर्धवट राहिला की चाक पुन्हा सरकणार.

काम झाल्यावर चाक फिरवून पाहावे आणि बोटे आऱ्यांपासून दूर ठेवावीत. चाकाची जागा बदलली की ब्रेकचे रबर रिमवर नीट बसते का, हेही पाहावे लागते. मग घरातील एखाद्या धडधाकट व्यक्तीने सायकलवर बसून, पुढचा ब्रेक दाबून धरून पायडलवर जोर द्यावा आणि खाली उतरून अंतर पुन्हा मोजावे. अंतर बदलले असेल तर नट अजून सैल आहेत. आठ-दहा दिवसांनी एकदा पुन्हा पाना लावून पाहणे शहाणपणाचे.

गिअरच्या नव्या सायकलींत बहुधा नटाऐवजी आवळायची तरफ असते आणि आसाच्या खाचा उभ्या असतात. तेथे सायकल जमिनीवर सरळ उभी करून तरफ सैल करावी, सायकलच्या वजनाने आस खाचेत पूर्ण टेकू द्यावा आणि मग तरफ मिटवावी. मिटवताना तळहातावर वळ उमटण्याइतका जोर लागला पाहिजे. सहज मिटणारी तरफ धोकादायक असते.

मिस्त्रींवर सोपवायची कामे

रिमची आऊट काढणे हे कसबाचे काम आहे. जुन्या घाटाच्या सायकलीत मागच्या चाकाला ४० आरे असतात. निम्मे आरे रिमला उजवीकडे ओढतात, निम्मे डावीकडे, आणि या दोन ओढींच्या तोलावर चाक सरळ राहते. रिम डावीकडे गेली असेल, तर त्या जागेचे उजवे आरे पाव-पाव फेऱ्याने कसतात आणि डावे तेवढेच सैल करतात. एका आऱ्यावर सगळा जोर काढला तर रिम दुसरीकडे वाकते. छर्‍यांची बैठक बसवणेही सरावाच्या हाताचेच काम आहे.

चाक खाचेत सरळ बसवूनही एका बाजूला राहत असेल, तर मिस्त्री एक साधी युक्ती करतात. साखळी बाजूला ठेवून चाक उलटे, म्हणजे डावी बाजू उजवीकडे करून बसवतात. आता ते विरुद्ध बाजूला झुकले तर दोष चाकात आहे, त्याच बाजूला राहिले तर सांगाड्यात. वाकलेला सांगाडा घरी ठोकून सरळ करू नये. त्याला चीर गेलेली असू शकते.

चाक सरळ झाले, तरीही दम लागतो?

येथे एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. चाकात दोष सापडला म्हणजे शरीर निर्दोष ठरले, असे मुळीच नाही. आम्ही चाक नीट करून घेतले आणि त्याच आठवड्यात अण्णांना आमच्या डॉक्टरांकडेही नेले. त्यांचे हिमोग्लोबिन कमी निघाले. कारण शोधून उपचार सुरू झाले. दोष बराचसा चाकात होता आणि थोडा रक्तातही होता. एकाच कारणावर समाधान मानले असते तर दुसरे राहून गेले असते.

चालताना किंवा सायकल चालवताना पूर्वी न लागणारा दम लागू लागणे, हे हृदयविकार, फुप्फुसांचे विकार, रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड यांचेही लक्षण असू शकते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातील औषधांमुळेही थकवा जाणवतो. मात्र अशी औषधे स्वतःच्या मनाने बंद करणे घातक ठरते. पायांवर सूज, आडवे झाल्यावर दम लागणे किंवा वारंवार चक्कर ही लक्षणे असतील तर तपासणी लांबवू नये. श्रम करताना छातीत जडपणा किंवा दाब जाणवला, वेदना जबड्याकडे, खांद्याकडे किंवा हाताकडे गेली, एकाएकी दरदरून घाम फुटला, तर सायकल तेथेच थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, हे काळजी घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

सायकल निर्दोष आहे याची खात्री झाली, की ती स्वतःच एक साधे मोजमाप बनते. नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेगाने जाताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. एरवी सहज बोलणाऱ्या माणसाला त्याच वाटेवर दोन शब्दांनंतर थांबावे लागू लागले, तर ती डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे. सायकलच घासत असेल तर हे मोजमापही खोटे ठरते.

घरच्यांनी काय पाहावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद टिकवणारे व्यायाम करावेत. ज्याला सायकलची जुनी सवय आहे, त्याची ही मिनिटे बाजारहाट आणि देवदर्शन यांतच भरून निघतात. सायकल बंद झाली की व्यायाम तर थांबतोच, शिवाय घाटावरचा कट्टाही सुटतो आणि घराबाहेर पडण्याचे निमित्त उरत नाही. म्हणून ती बंद करण्याचा निर्णय गैरसमजातून होऊ नये.

तो निर्णय योग्य ठरण्याचे प्रसंग मात्र असतात. वरचेवर तोल जाणे, दृष्टी किंवा ऐकणे फार मंदावणे, रस्ते विसरणे, अलीकडेच पडल्याचा इतिहास अशा परिस्थितीत डॉक्टरांशी बोलून घरातल्या स्थिर सायकलीचा पर्याय शोधावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणारी व्यक्ती सायकलवरून पडून डोक्याला मार बसला, तर वरून काही दिसत नसले तरी ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आणि कोणी "पाय ऐकत नाहीत" असे म्हटले, तर लगेच समजूत घालू नये. केव्हापासून, कुठल्या वाटेवर, नेमके काय होते, ते विचारावे. त्या सुमारास सायकलचे काही काम झाले होते का, औषध बदलले होते का, हेही आठवावे. शक्य असल्यास त्याच सायकलवर स्वतः एक फेरी मारावी. मी ती एक फेरी मारली असती, तर अण्णांचा दीड महिना वाचला असता.

मिस्त्रींकडून सायकल घेऊन आलो, त्या संध्याकाळी मी अण्णांना सगळे सांगितले. चूक माझी होती, हेही सांगितले. ते काही बोलले नाहीत. चष्मा लावून त्यांनी नळीवरची ती घासलेली जागा बराच वेळ अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे पाय होते तसेच आहेत."

"डॉक्टरांनाही दाखवू, अण्णा," मी म्हणालो.

"दाखवू की," ते म्हणाले, "पण आधी किल्ली दे."

दुसऱ्या दिवशी ते दूधकेंद्रापर्यंत जाऊन आले आणि आठवडाभरात घाटावर पोहोचले. पूर्वीइतका वेग नाही, वाटेत एकदा थांबतात, पण भाजीची पिशवी भरून येते. रविवारी सकाळी ते आता मला हाक मारतात. मी पाना घेऊन बसतो, ते पुठ्ठ्याची घडी डावीकडे आणि उजवीकडे सरकवून पाहतात, आणि दोन्ही बाजूंनी ती सारखी बसली की मगच सायकल बाहेर काढतात.